पदवीनंतरच्या सह्या

पदवीचा निकाल लागल्यानंतरच्या वर्षभरात मुलं-मुली जितक्या कागदांवर सह्या करतात, तितक्या त्यांनी आधीच्या वीस-एकवीस वर्षांत केलेल्या नसतात. नेमणूकपत्र, बॉण्ड, पीएफचा फॉर्म, खोलीचा करार, पगाराचं खातं, क्रेडिट कार्ड, आणि कधीकधी ऑफिसातल्या कुणाच्या तरी कर्जाला जामीन. यातली जवळपास प्रत्येक सही पैशाची, वेळेची किंवा हक्काची देवघेव ठरवते. वाणिज्य शाखेच्या मुलांनी भारतीय करार कायदा, 1872 परीक्षेपुरता वाचलेला असतो. मात्र तोच कायदा उद्या आपल्या बॉण्डला लागू होणार आहे, हे त्यांनाही वर्गात कुणी सांगितलेलं नसतं. अभियांत्रिकी, विज्ञान किंवा कला शाखेच्या मुलांना तर कायद्याचं नावही ठाऊक नसतं.

हे ज्ञान आपल्याकडे घरातून मिळतं. वडील बँकेत असतील, मावशी शिक्षिका असेल, मोठा चुलतभाऊ आधीच कंपनीत लागला असेल, तर रविवारी जेवताना दोन प्रश्न विचारले की काम भागतं. पण यवतमाळ किंवा नंदुरबारच्या एखाद्या गावातून हिंजवडीला आलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीने कुणाला विचारायचं? तिची बुद्धी किंवा मेहनत कुठेच कमी पडलेली नसते. तिला मिळालेली नसते ती फक्त ही घरगुती शिकवणी, आणि तिची किंमत ती हजारो रुपयांत मोजते. हे मला अन्यायाचं वाटतं, म्हणून हे प्रकरण तिला समोर ठेवून लिहिलं आहे.

सुरुवात पॅकेजपासून करू. कॅम्पस मुलाखतीनंतर 4 लाख 20 हजारांचं पॅकेज जाहीर झालं, असं समजा. घरी फोन जातो, आई बाराने भागून महिना 35 हजार असा हिशेब करते. पहिला पगार खात्यात येतो 27 हजार. कंपनीने फसवलं असं वाटतं, पण बहुतेक वेळा तसं नसतं. पॅकेज म्हणजे तुमच्यावर कंपनीचा वर्षाला होणारा सगळा खर्च, ज्याला सीटीसी म्हणतात. त्यात मूळ पगार आणि भत्ते मिळून महिना 29 हजार, म्हणजे वर्षाचे 3 लाख 48 हजार असतील. मूळ पगार 15 हजार धरला, तर कंपनीने भरायचा पीएफ वर्षाला 21,600. ग्रॅच्युइटीसाठी बाजूला काढलेले 8,658. कामगिरीवर अवलंबून असलेले 36 हजार, जे वर्षाअखेरीला मिळतील किंवा मिळणारही नाहीत. उरलेले 5,742 विम्याचा हप्ता. बेरीज बरोबर 4 लाख 20 हजार. मग 29 हजारांतून तुमच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 कापला की हातात 27 हजार राहतात.

यातला ग्रॅच्युइटीचा आकडा नीट पाहण्यासारखा आहे. तो पॅकेजमध्ये दरवर्षी मोजला जातो, पण कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षं सलग पूर्ण झाल्यावरच पैसे मिळतात. तिसऱ्या वर्षी नोकरी सोडली तर त्यातला एक रुपयाही हातात येत नाही. ठरावीक मुदतीच्या कराराने नेमलेल्यांसाठी मात्र आता नियम बदलला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यात अशा कर्मचाऱ्याला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. त्याच संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलं. भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरचा भाग वेतनातच धरायचा, असंही त्यांत ठरलं. मूळ पगार मुद्दाम लहान ठेवायचा, भत्ते फुगवायचे आणि पीएफ-ग्रॅच्युइटीचा बोजा हलका करायचा, ही अनेक ठिकाणची जुनी पद्धत होती. तिच्यावर या व्याख्येने बंधन आणलं. म्हणून मुलाखतीत पगार ठरवताना ‘हातात किती येतील, मूळ पगार किती आणि बदलता भाग किती’ हे तीन आकडे मागून घ्यावेत. असं विचारणं उद्धटपणाचं नाही. मनुष्यबळ विभागातली माणसं हा तक्ता रोजच बनवत असतात आणि मागितला की देतात.

पगाराच्या स्लिपवर व्यवसाय कराचे 200 रुपये दिसतात. मला ही ओळ पूर्ण स्लिपमध्ये सगळ्यात जवळची वाटते, कारण तिच्यामागे महाराष्ट्राचा दुष्काळ उभा आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूर परिसरात 1965 च्या सुमारास एक प्रयोग सुरू केला: काम मागेल त्याला काम. 1972 च्या भीषण दुष्काळात तीच कल्पना राज्यभर रोजगार हमी योजना म्हणून पसरली. मजुरी द्यायला पैसा हवा होता. शहरातल्या पगारदारांकडून तो उभा करण्यासाठी 1975 साली व्यवसाय कराचा कायदा झाला. खडी फोडणाऱ्या, नालाबंडिंग करणाऱ्या हातांचा पगार मुंबई-पुण्यातल्या कारकुनांनी आणि अधिकाऱ्यांनी थोडा थोडा उचलायचा, असा तो विचार होता. पुढे 2005 साली देशभर रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी हा महाराष्ट्राचा अनुभव होता. राज्यघटनेच्या 276 व्या कलमाने या करावर वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे. म्हणूनच अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात. फेब्रुवारीत शंभर रुपये कमी आले म्हणून दरवर्षी नव्या मुलांचे प्रश्न येतात, त्यांचं उत्तर एवढंच. महाराष्ट्रात महिना 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही. तेवढ्या पगारावरही तो कापला जात असेल, तर हिशेब विभागाला लेखी कळवावं.

पीएफबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तरुणांचं सगळ्यात मोठं आणि न दिसणारं नुकसान इथे होतं. भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 चा. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्के तुमचे, तेवढेच कंपनीचे. पण कंपनीचे सगळे पैसे तुमच्या पीएफ खात्यात जमा होत नाहीत. त्यातला 8.33 टक्के भाग 1995 पासून सुरू असलेल्या निवृत्तिवेतन योजनेत जातो, आणि तोही 15 हजारांच्या मर्यादेपर्यंतच. 15 हजार मूळ पगाराच्या आपल्या उदाहरणात कंपनीच्या 1,800 पैकी 1,250 पेन्शनकडे आणि 550 पीएफकडे जातात. तुमचे 1,800 धरून दरमहा 2,350 रुपये व्याज देणाऱ्या खात्यात साठतात. पासबुकात पेन्शनच्या रकान्यावर व्याज दिसत नाही म्हणून अनेकजण घाबरतात. ती रक्कम तशीच असते, कारण तिचं पेन्शन पगार आणि नोकरीची वर्षं यांवरून ठरतं, जमा रकमेवरून नाही. सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षं, भागिले 70. 15 हजार पगारावर दहा वर्षांचे सुमारे 2,143 रुपये महिना होतात.

ही दहा वर्षं वेगवेगळ्या कंपन्यांतली जोडून मोजली जातात. अट एकच, नोकरी बदलताना खातं पुढे नेलेलं असावं, मोडलेलं नसावं. नेमकं इथेच पाणी मुरतं. पहिली नोकरी सोडली की सायबर कॅफेवाला किंवा एखादा ‘पीएफ काढून देतो’ म्हणणारा एजंट भेटतो. पैसे हातात येतात, मोबाइल बदलला जातो, आणि पेन्शनसाठी मोजायची वर्षं पुन्हा शून्यावर येतात. पाच वर्षं सलग सेवा होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो, तो वेगळाच. वर सांगितलेल्या आकड्यांनी पाच वर्षांत साधारण 1 लाख 70 हजार जमतात. ते तसेच पुढे नेले आणि अलीकडचा 8.25 टक्के व्याजदर पुढेही टिकला असं मानलं, तर आणखी तीस वर्षांनी त्यांचे 18 लाखांच्या आसपास होतात. दर बदलत राहतो, त्यामुळे हा आकडा कुणी लिहून देणार नाही. पण तरुण वयात काढलेल्या पैशाची खरी किंमत किती असते, याचा अंदाज त्यावरून येतो. घरात आजारपण असेल, खरोखर अडचण असेल तर जरूर काढावेत, त्यासाठीच ते आहेत. माझा आक्षेप आहे तो नोकरी बदलली की खातं मोडायचंच असतं, या समजाला.

या खात्यात मराठी मुलांना भोवणारी एक खास गोष्ट आहे: नाव. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकदा आडनाव शेवटी. पॅनवर कधी वडिलांचं नाव आहे, कधी फक्त त्याचं अद्याक्षर. लग्नानंतर काही मुलींच्या कागदांवर नाव आणखी बदलतं. 2014 पासून प्रत्येक सदस्याला यूएएन हा बारा आकडी कायमचा क्रमांक मिळतो आणि तो आधारशी जोडला जातो. कंपनीने भरलेलं नाव, जन्मतारीख किंवा वडिलांचं नाव आधारशी जुळलं नाही, तर वर्षानुवर्षांनी दावा अडकतो, आणि तोवर ती कंपनी बंद झालेली असली तर दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात. रुजू होण्याच्या पहिल्या आठवड्यातच आधार, पॅन आणि बँक खातं यांवरचं नाव एकसारखं करून घ्यावं आणि यूएएनच्या संकेतस्थळावर आपली माहिती स्वतः पाहावी. दुसऱ्या कंपनीत पुन्हा नवा यूएएन काढू देऊ नये, जुनाच क्रमांक द्यावा. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली नसेल, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःला नोंदवता येते.

ज्यांचा पगार महिना 21 हजारांपर्यंत आहे, त्यांच्या स्लिपवर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, ही आणखी एक ओळ असू शकते. 18 हजारांवर कापले जातात 135 रुपये, म्हणजे 0.75 टक्के. कंपनी स्वतःकडून 3.25 टक्के भरते. ‘सरकारी दवाखान्यात कोण जाणार’ असं म्हणून मुलं कार्डही काढत नाहीत. पण या विम्यात तुमच्याबरोबर तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही येतात आणि उपचाराचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असतो. आजारपणाची रजा पडली आणि आवश्यक दिवसांची वर्गणी भरलेली असली, तर वर्षात 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के भत्ता मिळतो. खाजगी विम्यात वयस्क आई-वडिलांचा हप्ता किती येतो हे एकदा विचारून पाहिलं, की या 135 रुपयांचं मोल कळतं.

आता बॉण्ड. ‘दोन वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडली तर दोन लाख भरीन’ असा कागद पुढे येतो आणि मुलं दोनपैकी एक चूक करतात. काही घाबरून नको त्या नोकरीत पिचत राहतात. काही मित्रांच्या सांगण्यावरून ‘बॉण्डला कायद्यात काही किंमत नाही’ असं धरून बिनधास्त निघून जातात. दोन्ही समज अर्धवट आहेत.

कायदा असा आहे. तुमच्याकडून जबरदस्तीने नोकरी कुणी करून घेऊ शकत नाही. व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय बळाने पाळायला लावत नाही, ही गोष्ट 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात आहे. कंपनी मागू शकते ती भरपाई. भरपाईबद्दल करार कायद्याचं 74 वं कलम सांगतं की कागदावर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढी रक्कम मिळेल. म्हणजे प्रशिक्षणावर खरोखर खर्च झाला आहे का, किती झाला, किती मुदत बाकी होती, हे प्रश्न येतात. पण वाजवी बॉण्ड न्यायालयं उचलून धरतात, आणि त्याची दोन ठळक उदाहरणं आहेत. कल्याणजवळच्या एका टायर कॉर्ड कारखान्यात परदेशी कंपन्यांकडून आलेल्या तंत्राचं प्रशिक्षण घेतलेल्या एका शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार मध्येच सोडून कोटा इथल्या स्पर्धक कंपनीत नोकरी धरली. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: कराराच्या मुदतीत स्पर्धकाकडे तेच काम न करण्याची अट वैध ठरली. दुसरं उदाहरण ताजं आहे. एका सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याने तीन वर्षांच्या आत राजीनामा दिला आणि बॉण्डचे 2 लाख निषेध नोंदवून भरले. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट कायदेशीर ठरवली. सार्वजनिक बँकेला पुन्हा जाहिरात, परीक्षा, निवड असा सगळा खर्च करावा लागतो, हा त्यामागचा एक विचार होता.

नोकरी संपल्यानंतरची गोष्ट वेगळी. ‘सोडल्यावर दोन वर्षं या क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीत जाणार नाही’ असं वाक्य नेमणूकपत्रात असतं, आणि ते वाचून मुलं फार धास्तावतात. करार कायद्याचं 27 वं कलम उपजीविकेवरचा असा निर्बंध रद्दबातल मानतं. याचा एक प्रसिद्ध दाखला आपल्या श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू जहीर खानचा आहे. त्याचं काम पाहणाऱ्या कंपनीबरोबरचा करार 2003 साली संपला. पुढचा करार करताना आधी आम्हालाच विचारावं लागेल, या अटीवर कंपनी अडून बसली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुदत संपल्यानंतर लागू होणारं असं बंधन 27 व्या कलमाने रद्दबातल ठरतं. मात्र कंपनीची गुपितं, ग्राहकांच्या याद्या, कोड बरोबर नेणं हा वेगळा विषय आहे, तिथे कायदा तुमच्या बाजूने उभा राहणार नाही.

बॉण्डवर सही करण्यापूर्वी रक्कम, मुदत आणि प्रशिक्षण कशाचं, हे कागदावर लिहिलेलं आहे का ते पाहावं. एक प्रत स्वतःकडे ठेवावी. मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र दाखवावं, पण कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नये. नोकरी देण्यासाठी पैसे किंवा ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ मागणाऱ्याच्या दारातून परत फिरावं. तोंडी दिलेल्या शब्दांबद्दलही एक सवय लावून घ्यावी. ‘सहा महिन्यांत कायम करू’, ‘मार्चमध्ये वाढ देऊ’ असं साहेब म्हणाले, की त्याच संध्याकाळी नम्र ईमेल लिहावा: आज आपण असं सांगितलंत, त्याबद्दल आभार. भांडणाचा सूर नको, पण तारखेची नोंद राहते. नोकरी सोडताना राजीनामाही ईमेलनेच द्यावा आणि कार्यमुक्तीचं पत्र व अनुभवपत्र हातात घेतल्याशिवाय विषय संपला असं मानू नये. वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत थकीत वेतन द्यायचं असतं. अनेक कार्यालयांत मात्र ‘फुल अँड फायनलला दीड महिना लागतो’ हे अजूनही सहज सांगितलं जातं.

पगारानंतर खोली. पुण्यात नव्याने आलेली बहुतेक मुलं कॉट बेसिसवर राहतात, नाहीतर चौघांत मिळून फ्लॅट घेतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याच्या 55 व्या कलमाने लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करणं आणि नोंदवणं सक्तीचं केलं आहे, आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय कोणत्या अटींवर घर दिलं यावर वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. हे कुठल्याही एजंटच्या तोंडून तुम्हाला ऐकू येणार नाही. नोटरीचा साधा कागद या नोंदणीची जागा घेत नाही. खर्चही मोठा नाही: 24 हजार भाडं, 50 हजार डिपॉझिट आणि 11 महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क 700 रुपयांच्या आत, आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1,000 रुपये. हे काम ऑनलाइन होतं.

दुसऱ्या बाजूची माहितीही हवी. लायसन्सची मुदत संपल्यावर तुम्ही घर सोडलं नाही, तर 24 व्या कलमाखाली मालकाला तातडीने ताबा मागता येतो आणि दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागते. चौघे राहत असाल तर चौघांची नावं करारात हवीत, नाहीतर ज्याचं नाव आहे त्याच्यावर सगळा भार आणि बाकीच्यांकडे राहत असल्याचा पुरावाच नाही. किल्ली हातात आली त्या दिवशी भिंती, नळ, पंखे, गिझर यांचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवून ठेवावा. डिपॉझिट परत घेताना रंगाचे पैसे किती कापायचे, हा वाद त्या एका व्हिडिओने निम्मा होतो.

कर्जांपैकी क्रेडिट कार्डाबद्दल एकच हिशेब सांगतो. 20 हजारांचं बिल आलं आणि तुम्ही ‘मिनिमम ड्यू’ म्हणून 1,000 भरले. उरलेल्या 19 हजारांवर महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज 665, त्यावर 18 टक्के जीएसटी जवळपास 120. म्हणजे पुढच्या महिन्यात भरलेल्या हजारातले सुमारे 785 व्याजाकडे जातात आणि कर्ज 215 रुपयांनी कमी होतं. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. शैक्षणिक कर्ज घेतलेल्यांनी लक्षात ठेवावं की शिक्षण संपल्यावर हप्त्यांना मिळणाऱ्या सवलतीच्या काळातही व्याज चालू असतं, आणि त्या कर्जावर आईची किंवा वडिलांची सहकर्जदार म्हणून सही असते. तुमचा हप्ता चुकला की सिबिलमध्ये त्यांचीही पत घसरते, आणि धाकट्या बहिणीच्या कर्जाच्या वेळी ती आड येते.

जामिनाची सही मला या सगळ्यांत जास्त धोक्याची वाटते, कारण ती प्रेमाने मागितली जाते. पगार सुरू होऊन चार-सहा महिने झाले की ऑफिसातले एखादे काका म्हणतात, ‘अरे, फक्त सही हवी रे, पैसे मीच भरणार आहे.’ पगारदारांच्या पतसंस्थेत दोन जामीनदार लागतात आणि नव्या मुलाच्या पगाराच्या स्लिपवर कर्जाची कपात नसते. नाही म्हणणं जड जातं, विशेषतः त्या काकांनीच पहिल्या महिन्यात डबा वाटून घेतलेला असला तर. पण करार कायद्याचं 128 वं कलम अगदी स्पष्ट आहे: करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. संस्थेने आधी कर्जदाराच्या मागे लागावं आणि मग तुमच्याकडे यावं, असं बंधन नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या 101 व्या कलमाखाली वसुली दाखला निघाला की तो तुमच्याही नावावर असतो. ज्याचा पगार नियमित आणि चांगला, त्याच्याकडून वसुली सोपी, म्हणून अनेकदा पहिली कपात तरुण जामीनदाराच्याच पगारातून होते. ‘घरी विचारून सांगतो’ हे उत्तर इथे कामाला येतं. ते खरंही असावं, कारण हा निर्णय घरी विचारूनच घ्यायचा असतो. जी रक्कम स्वतः भरायची तयारी आहे, तेवढ्याच कर्जाला जामीन राहावं.

शेवटचा कागद नामनिर्देशनाचा, म्हणजे नॉमिनीचा. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांना तो भरायला सांगितला की ती हसतात आणि रकाना रिकामा सोडतात. पीएफ खात्याबरोबर 1976 पासून ईडीएलआय नावाची विमा योजना येते. त्याचा हप्ता तुमच्या पगारातून कापला जात नाही, तो कंपनी भरते. नोकरीत असताना सदस्याचा मृत्यू झाला तर कुटुंबाला 7 लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. कितीतरी घरांना हा विमा आहे हेच माहीत नसतं. पीएफचं नामनिर्देशन यूएएनच्या संकेतस्थळावर आधारच्या आधारे करता येतं. अविवाहित असताना आई-वडिलांची नावं लावली असतील, तर लग्नानंतर ते पुन्हा नव्याने करावं लागतं. बँक खात्यावर 1 नोव्हेंबर 2025 पासून चारपर्यंत नॉमिनी लावता येतात.

नॉमिनी म्हणजे मालक, असा समज मात्र ठेवू नये. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर यांच्या मालमत्तेसंबंधीच्या खटल्यात डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल हे स्पष्ट केलं: नॉमिनीच्या हाती रक्कम येते, पण तिचे खरे हक्कदार वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतात. पीएफला स्वतःचे वेगळे नियम आहेत आणि तिथे कुटुंबातल्याच व्यक्तीचं नाव लावावं लागतं. फॉर्म भरून झाला की त्याची पीडीएफ आईच्या किंवा वडिलांच्या फोनवर पाठवून ठेवावी, आणि यूएएनचा क्रमांक, बँकेची शाखा, विम्याच्या कार्डाचा फोटो त्यांना एकदा बसून दाखवावा. दावा करायची वेळ आली तर कार्यालयात त्यांनाच जावं लागणार असतं, आणि मुलाचं खातं कुठे आहे हे त्यांना ठाऊक नसेल तर अर्ज कुठे करायचा इथूनच त्यांची अडचण सुरू होते.